बटणाचा मान

माघ महिन्यात एके दिवशी आमच्या निंबेगव्हाणला टेम्पोतून एक नवा वाजंत्री उतरला. त्याला जेवण लागत नव्हतं, पान-तंबाखू लागत नव्हती, बिदागीवरून तो रुसणार नव्हता आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघणार नव्हतं. तमाशाचा फड चालवणारा प्रत्येक मालक जन्मभर असाच वाजंत्री स्वप्नात पाहत असतो. मी सोंगाड्या म्हणून बऱ्याच फडांतून नाचलोय, मालकांची स्वप्नं मला ठाऊक आहेत.

हा वाजंत्री म्हणजे आरतीचं यंत्र. लोखंडी चौकटीत मधोमध नगारा, वर घंटा, दोन अंगांना झांजा आणि खाली मोटर. बटण दाबलं की सगळे हात एकदम हलायला लागतात. भैरवनाथाच्या सभामंडपात बोल्ट आवळून ते बसवलं आणि सुरू केलं, तेव्हा मंडपातली कबुतरं भर्रकन उडाली आणि पोरं नाचायला लागली. खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटली. ठेका एकच, पण चोख. पडदा वर गेल्या गेल्या टाळी घेणारा नट असतो ना, तसा त्याचा प्रवेश झाला.

माझ्या शेजारी जैनुद्दीन शेख उभा होता. या नव्या नटाने ज्याची भूमिका घेतली तो माणूस हाच.

गावात त्याला जैनूभाई म्हणतात. उंच, वाळलेला, दाढीला मेंदी, आणि हसू आलं की आधी खांदे हसतात, मग तोंड. शेवगाव रस्त्याच्या फाट्यावर त्याचं गॅसच्या शेगड्या आणि कुकर दुरुस्त करायचं दुकान आहे. घर त्याच्यावर चालतं. पण तुम्ही काय करता असं कुणी विचारलं, तर तो शेगडीचं नावही काढत नाही. "भैरवनाथाचा नगारा आमच्याकडं हाय," एवढंच सांगतो. बापाकडे होता, आज्याकडे होता. सकाळ-संध्याकाळ आरतीला नगारा शेखांनी वाजवायचा. चैत्रातल्या यात्रेत दिवेलागणीला पालखी उचलायची वेळ झाली की पहिली टिपरीही शेखांनीच मारायची. टिपरी म्हणजे नगारा वाजवायची काठी. ती कातड्यावर पडल्याशिवाय पालखी जागची हलत नाही. याला आमच्याकडे मान म्हणतात. पालखीच्या दांडीला खांदा द्यायचा मान पाटलांचा, देवाला फुलं वाहायचा माळ्यांचा, आणि नगाऱ्याचा शेखांचा. दुपारची नमाज आणि संध्याकाळचा नगारा यांत काही अवघड आहे, असं जैनूभाईला कधी वाटलं नाही आणि गावालाही नाही.

गुडघ्यांनी दगा दिला आणि मी फड सोडून घरी आलो, तेव्हापासून माझी संध्याकाळ त्याच्या दुकानातल्या स्टुलावर जाते. तो शेगडीचा बर्नर ठोकत असतो आणि त्या ठोक्यावर माझा पाय आपोआप हलत असतो.

यंत्र बसलं त्या दिवशी मी त्याला धीर द्यायला म्हणालो, "लाइट गेली की कळेल यांना, जैनूभाई."

"कशाचं कळतंय, नाना! सोलर बसवलंय. बॅटरीबी हाय. तुमची-आमची लाइट जाईल, देवाची न्हाई जायची."

यंत्र दिलं होतं रविराजने. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब, त्यांचा हा पुतण्या. चाकणच्या एका कारखान्यात तो गाड्या जोडणारे रोबोट बसवतो. गावावर त्याचा जीव. पगार वाढला तेव्हा देवाला काहीतरी द्यावं, या एकाच भावनेने त्याने ते दिलं. कुणाला त्याच्या जागेवरून उठवावं असं त्याच्या मनातही नव्हतं.

जैनूभाईच्या घरात तर आनंदच होता. त्याची बायको मुबारकबी चहा देता देता मला म्हणाली, "नाना, नवरी म्हनून आले तवापास्नं कोंबड्याच्या आधी उठतेय मी. ह्यांचं पानी तापवा, ह्यांचा चहा करा, ह्यांच्या टिपऱ्या कुठं गेल्या ते शोधा. देव तरी एवढ्या सकाळी उठत असंल का? मशीन आली ते लई बरं झालं. मीच नारळ फोडनार हाय तिच्यापुढं."

"फोड," जैनूभाई म्हणाला. "खोबरं तेवढं घरी आन."

यात्रा जवळ आली तशी कमिटीने सभामंडपात बैठक बोलावली. संध्याकाळची आरती यंत्राने नुकतीच उरकली होती. काकासाहेब उभे राहिले. माणूस मनाचा मोठा, आवाज त्याहून मोठा. माइक हातात आला की त्यांना माइकची गरज राहत नाही.

"मंडळी, जो रोज सेवा करील त्याचा यात्रेत मान, ही आपल्या गावची रीत हाय. आता सेवा मशीन करनार. मग काय जैनूभाईचा मान जायचा? आमी जिवंत असताना? न्हाई!" ते जरा थांबले. कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळतं. "आमी तोड काढलीय. रोज सकाळ-संध्याकाळ मशीनचं बटन जैनूभाईनीच दाबायचं. म्हंजी सेवा त्यांचीच ऱ्हायली. आन यात्रेला फेटा बांधून, हार घालून, पहिलं बटनबी तेच दाबनार. टिपरीच्या जागी बटन, बाकी मान जागच्या जागी!"

टाळ्या पडल्या. टाळ्यांतला फरक मी ओळखतो. या मनापासूनच्या होत्या. एका माणसाला उघड्यावर पडू द्यायचं नाही म्हणून गावाने डोकं खाजवलं होतं आणि त्यातून हे रत्न बाहेर आलं होतं. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात रविराज मागून भाबडेपणाने म्हणाला, "पण काका, बटण दाबायची गरजच नाही. टायमर आहे त्याला. वेळ लावून ठेवली की आपलं आपण सुरू होतं."

 मग खांबाआडून कुणीतरी ओरडलं, "मग फेटा टायमरला बांधा!"

हशा पिकला. काकासाहेब पुतण्यावर उखडले. "रव्या, तुला कुनी इचारलं होतं का?"

जैनूभाई उठला. त्याचे खांदे हसत नव्हते. "इचार करून सांगतो," एवढंच बोलला आणि चप्पल शोधायला लागला.

आम्ही दुकानात येऊन बसलो. माझ्यातला सोंगाड्या खवळला होता. मी म्हणालो, "जैनूभाई, यात्रेच्या दिवशी सगळ्या गावासमोर फेटा खाली ठेव आणि निघून ये. एक शब्द बोलू नको. अशी एक्झिट की लोक वर्षभर बोलतील."

"वर्षभर बोलतील ते, नाना. मी काय करू वर्षभर?"

इतक्यात रविराज धापा टाकत आला. "काका, चूक झाली. मी यंत्र काढून नेतो. दुसऱ्या देवळाला देतो."

"बस आधी," जैनूभाईने त्याच्याकडे डबा सरकवला. "तुज्या कारखान्यात ज्यांचं काम मशीननी घेतलं, ती मान्सं कुठं गेली रं?"

रविराज डब्यावर बसला.  "काही दुसऱ्या कामाला लागली. काही गावी गेली. एक जुना वेल्डर होता, हात सोन्याचा. त्याला काढायला कुणाचं मन होईना. मग त्याला रोबोटशेजारी स्टूल दिलं आणि एक बटण दिलं. काही गडबड झाली तर दाबायचं. गडबड कधी व्हायचीच नाही. पगार तोच होता, काका. तरी काही महिन्यांनी त्याने स्वतःच राजीनामा दिला. जाताना म्हणाला, साहेब, काढून टाकलं असतं तर भांडलो असतो. तुम्ही बटण दिलंत. आता मी भांडू कुणाशी?"

जैनूभाईने समोरचा बर्नर उचलला आणि तसाच खाली ठेवला.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. ज्याची चूल त्या कामावरच पेटते, त्याला जैनूभाईची ही गोष्ट ऐकवायला मी जाणार नाही. आमच्या भागात उसाच्या फडात हार्वेस्टर फिरायला लागले, तोडणीच्या टोळ्या कमी झाल्या. त्या माणसांना आधी भाकरीची सोय पाहिजे, आणि ती सोय करणं सगळ्यांचं काम आहे, त्यात उपकार नाही. एवढी यंत्रं माणसाने बनवली ती माणसाला उपाशी ठेवायला खचितच नाहीत. पण भाकरीची सोय झाली तरी एक प्रश्न राहतो, आणि तो मला चांगला माहीत आहे. तमाशाचा फड सुटल्यावर मला कलावंतांची सरकारी पेन्शन मिळाली, घर होतं, दोन वेळचं जेवण होतं. फक्त विंगेतून हाक यायची बंद झाली. "आसाराम, चल, तुझी एंट्री!" ही हाक कानावर पडली नाही की संध्याकाळ कशी लांबते, ते घरात बसलेल्या नटालाच विचारा. काम जातं तेव्हा पैशाबरोबर ही हाकही जाते. पैशाचा विचार करणारे पुष्कळ आहेत. हाकेचा विचार कोण करतो?

जैनूभाईने रविराजला सांगितलं, "मशीन ऱ्हाऊ दे. न्यायची न्हाई."

"पण काका..."

"आरं ऐक. खरं सांगू का? सकाळच्या आरतीला कोन असतं? पुजारी, मी आन एक कुत्रं. पुजारी जांभया देतोय. माजे हात वाजवत्यात आन डोस्क्यात शेगडीचा व्हॉल्व्ह चाललाय. लई वर्सं झाली, माजाबी हात मशीनच झालाय. त्ये काम मशीननी घेतलं तर मला वाईट काय वाटायचं?" मग तो थांबला आणि बोटांनी मांडीवर एक ठेका धरला. "पन पालखीची गोष्ट येगळी हाय. पालखी उचलायच्या टायमाला सगळ्या गावाची नजर हातावर असती. मी टिपरी वर नेतो, तवा दांडीखालची पोरं श्वास धरत्यात. ती धरत्यात म्हनून मीबी धरतो. कवा मारायची हे मी एकटा ठरवत न्हाई आन तीबी न्हाई. त्ये मला पायजे. त्याच्या बदल्यात बटन नको."

पुढच्या बैठकीला तो फेटा न बांधता, दुकानातल्याच कपड्यांत गेला आणि उभा राहिला. मी त्याच्यासाठी मनातल्या मनात एक जोरदार भाषण रचलं होतं. नशीब, ते मनातच राहिलं.

"काकासाहेब, मंडळी, तुमी माजा इचार केला, मी तुमचा उपकार मानतो. बटन मी दाबनार न्हाई. टायमर लावा. रोजची सेवा मशीनची, माजी कायबी तक्रार न्हाई. यात्रंला नगारा मात्र मी हातानी वाजवनार."

माळ्यांच्या घरचा मानकरी, ओंकार, लगेच उठला. "असं कसं, जैनूभाई? मी रोज पहाटं फुलं तोडतो म्हनून मला फुलाचा मान. तुमी रोज घरी झोपनार आन यात्रंला मिरवनार? सेवा न्हाई तर मान कसला?"

बरोबर बोलला.  काकासाहेब डोकं धरून म्हणाले, "जैनूभाई, म्हनून तर बटनाची तोड काढली होती रं. बटन सोडलं तर रीतीत बसत न्हाई. मान जाईल."

"जाऊ द्या," जैनूभाई शांतपणे म्हणाला. "पन एक सांगा. आजवर तुमी मला मान दिला म्हनता. कवा? मी रोज पहाटं आपला आपन यायचो. यात्रंला दुपारपास्नंच नगाऱ्यापाशी बसलेला असायचो. मी नसतो तर पालखी उचलली नसती, म्हनून मी हुतो. ती तुमची गरज हुती. गरजंला मी मान समजत बसलो, आन तुमीबी. आता गरज संपली. मशीन हाय. माज्यावाचून कायबी अडत न्हाई." त्याने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "पाटलांना यात्रंदिवशी घरी जाऊन वाजतगाजत बोलावता. माळ्यांना बोलावता. शेखांना कवा बोलावलं? वाजवनाराला बोलवायला वाजवनार कोन, म्हनून त्यो रिवाजच पडला न्हाई. आता पाडा. यात्रंला मी घरी बसतो. अडत न्हाई, तरीबी बोलवावंसं वाटलं, तर या. त्यो मान. न्हाई वाटलं, तर मशीन हायच. माजा राग न्हाई."

आणि तो निघून आला. सगळ्यांदेखत, आवाज न चढवता. मी सांगितलेल्या एक्झिटपेक्षा ही एक्झिट भारी होती, हे कबूल करायला मला आनंदच वाटतो. ही धमकी नव्हती. त्याने आपला हक्क स्वतःच्या हाताने खाली ठेवला होता, आणि आता तो परत त्याच्या हातात द्यायचा की नाही ते गावाने ठरवायचं होतं.

यात्रेच्या दिवशी उन्हं उतरली आणि मी त्याच्या घरी गेलो. जैनूभाई अंघोळ करून, पांढरा सदरा घालून दारामागे खाटेवर बसला होता. प्रवेशाआधी विंगेत बसलेला नट असाच दिसतो. चेहऱ्यावर शांत, पण पायाचा अंगठा सारखा हलतोय. फेटा इस्त्री करून उशाला ठेवला होता.

मुबारकबी म्हणाली, "न्हाई आले तर काय करनार?"

"शेवया कर. खाऊ."

"गूळ संपलाय."

"मग येतीलच," तो म्हणाला, आणि शेवटी एकदाचे त्याचे खांदे हसले.

देवळाकडून माइकचा आवाज येत होता. दुकानदारांची नावं, हरवलेल्या पोराचं वर्णन, मग काकासाहेबांचं खाकरणं. थोड्या वेळाने माइक बंद झाला. मी उठलो. "मी जरा बघून येतो. काकासाहेबांना आठवण करतो."

त्याने माझा हात धरला. "बसा, नाना. तुमी बोलावून आनलं तर त्ये नाटक व्हईल."

नाटकात हयात घालवलेल्या माणसाला असं ऐकून घ्यावं लागलं. बसलो.

मग देवळातून यंत्र सुरू झालं. धडाधड नगारा, झांजा, घंटा. मुबारकबीने पदर तोंडाला लावला. पालखी निघाली असंच तिला वाटलं, मलाही तेच वाटलं. जैनूभाई डोळे मिटून ऐकत राहिला. यंत्र थांबलं तेव्हा तो म्हणाला, "आरती झाली. पालखी अजून जाग्यावर हाय."  त्यानंतर सगळीकडे शांत. यात्रेतल्या पाळण्यांचं संगीतसुद्धा थांबलेलं. दारातला उजेड पिवळा होत होत मावळायला लागला.

आणि मग गल्लीच्या तोंडाकडून एक आवाज आला. त्याला वाद्य म्हणायची माझी तयारी नाही. कुणी परात बडवत होतं, कुणी ताटावर चमचा मारत होतं, आणि त्या सगळ्याच्या वर कसलातरी पत्र्याचा डबा ठणाणत होता. एकाचा ठेका दुसऱ्याला भेटत नव्हता. वाजवणाऱ्यालाच बोलवायचं म्हणजे वाजवायला कुणी नाही, आणि यंत्र तर बोल्टने मंडपाला आवळलेलं. तेव्हा गावाला जे हाताला लागलं ते घेऊन गाव आलं होतं.

मी दारातून पाहिलं. पुढे काकासाहेब, नवी टोपी, घामाने चिंब, हातात तेलाचा रिकामा डबा. शेजारी रविराज परात घेऊन. मागे पालखीची पोरं, बायका, लहान मुलं. गावातले सगळेच होते असं नाही. काही जण देवळाच्या पायऱ्यांवरच बसून राहिले होते, हेही सांगतो. पण ओंकार आला होता. फुलांची टोपली तशीच डोक्यावर, चेहरा पडलेला, आणि हातात ताट.

काकासाहेब उंबऱ्यापाशी थांबले. पाटलांच्या दारात म्हणतात ते शब्द त्यांनी म्हटले, "मानकरी घरात हायेत का?"

जैनूभाई उठायला लागला, तर मुबारकबीने त्याला हाताने मागे सारलं आणि स्वतः दारात उभी राहिली. "हायेत. पन गरजंसाठी बोलवता का मानासाठी?"

काकासाहेबांनी टोपीने घाम पुसला. "वैनी, मशीन चालू हाय. लाइट हाय. बॅटरी फुल हाय. गरज कायबी न्हाई." आणि मग, माइक नसताना, त्यांचा तो मोठा आवाज एकदम खाली आला. "गाव बोलावतंय."

ती बाजूला झाली. जैनूभाई बाहेर आला, फेटा अजून हातातच होता. दारातल्या त्या गर्दीकडे त्याने बघितलं.  मग त्याने काकासाहेबांच्या हातातला डबा काढून घेतला आणि अलगद उंबऱ्याशी ठेवला.

"चला," तो म्हणाला, "पन आधी सगळ्यांनी हे वाजवायचं थांबवा. देव पळून जाईल."